चौदाचे अवयव

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली: "सर, कंस सोडवता येतो. पण सोडवलेला कंस परत बांधायचा कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. बीडमध्ये बसून त्याचं उत्तर भास्कराचार्यांकडूनच घेऊ या. शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ हे आपलं जन्मवर्ष आणि सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडवीड हे गाव, असं ते स्वतः सांगतात. ते गाव म्हणजे आपलं बीड, असं काही अभ्यासक मानतात. काहीजण चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात. तो वाद आज नको.

'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणायचं आहे. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा, दोन्हींनी गुणा आणि मिळवा: १०८० अधिक ५४०, म्हणजे १६२०. हाच वितरण गुणधर्म. बाजारात हिशेब करताना आपण तो रोज वापरतो.

आता उलटा प्रवास. 'बीजगणित' ग्रंथात विचारलंय: दोन संख्या अशा सांगा की पहिलीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर २, यांची बेरीज त्यांच्या गुणाकाराइतकी व्हावी. संख्या क्ष आणि य धरू. (दोन्ही शेजारी लिहिले की 'क्षय' होतो, म्हणून मधे गुणिले लिहा!)

क्ष×य − ४क्ष − ३य = २

दोन्हीकडे १२ मिळवा. का १२? ४ आणि ३ चा गुणाकार. तेवढ्यानं कंस पुरा होतो.

क्ष(य − ४) − ३(य − ४) = १४
(क्ष − ३)(य − ४) = १४

बघा, माहिती तीच, पण आता ती बोलू लागली. पूर्ण संख्यांत १४ म्हणजे १×१४ किंवा २×७, क्रम उलटसुलट. उत्तरं चार: ४ आणि १८, ५ आणि ११, १० आणि ६, १७ आणि ५. कुठलीही जोडी पडताळून पाहा.

इथंच मुलं घसरतात. क्ष² − ७क्ष + १२ = २ हे गणित. एकानं लिहिलं, (क्ष − ३)(क्ष − ४) = २, म्हणून क्ष − ३ = २ किंवा क्ष − ४ = २; उत्तर ५ आणि ६. आता ५ ठेवून पाहा, जमतं. ६ ठेवा, डावीकडे ६ येतात. मग ५ कसं जमलं? निव्वळ योगायोगानं. मघाशी पूर्ण संख्यांची अट होती, म्हणून १४ च्या वाटा मोजक्या होत्या. इथं ती अट नाही. २ म्हणजे अर्धा गुणिले ४ सुद्धा होतं, वाटा अगणित. शून्याचं तसं नाही. गुणाकार शून्य असेल, तर दोघांपैकी एक शून्य असलंच पाहिजे. म्हणून आधी २ डावीकडे आणा:

क्ष² − ७क्ष + १० = ०
(क्ष − २)(क्ष − ५) = ०

क्ष २ किंवा ५.