कॅमेऱ्याच्या पाठीवरची पेटी

२००२ साली थॉमसन कंपनीने ‘वायपर फिल्मस्ट्रीम’ नावाचा सिनेमाचा डिजिटल कॅमेरा आणला. त्याला डोळा होता, पण पोट नव्हतं. आत टेप नाही, डिस्क नाही, कार्ड नाही. भिंगातून आलेलं दृश्य आकड्यांत बदलून तो मागच्या तारांतून बाहेर ढकलायचा. ते आकडे झेलायला तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी नसेल तर चित्रीकरण झालंच नाही असं समजायचं.

असा अर्धवट कॅमेरा कुणी का बनवला असेल? त्याआधीचा सोनीचा एफ९०० पाहिला की उत्तर मिळतं. ‘स्टार वॉर्स’चा २००२ साली आलेला भाग त्याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता. त्याचा संवेदक, म्हणजे सेन्सर, आडव्या ओळीत १९२० बिंदू पाहायचा. पण आतल्या एचडीकॅम टेपवर त्यातले १४४० च उतरायचे. रंगाची माहिती त्याहूनही छाटलेली आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांचं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. डोळ्याने पाहिलेलं निम्म्याहून अधिक दारातच टाकून द्यायचं आणि उरलेलं टेपवर घ्यायचं, असा तो व्यवहार. वायपरच्या अभियंत्यांनी ठरवलं की कॅमेऱ्याने फक्त पाहावं आणि साठवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. तो दुसरा कुणी म्हणजे रेकॉर्डर. डेव्हिड फिंचरचा २००७ चा ‘झोडियाक’ बहुतांश वायपरवर झाला आणि त्याची दृश्यं ‘एस-टू’ कंपनीच्या डिस्क-रेकॉर्डरवर कोणतीही छाटणी न करता साठवली गेली. तो रेकॉर्डर मात्र कॅमेऱ्यावर बसणारा नव्हता. जाडजूड तारांनी बांधलेला, गाड्यावरून ढकलायचा. कॅमेरा खांद्यावर घेऊन पळायचं तर मागून गाडाही पळवावा लागणार. तेव्हा पुढची सगळी खटपट या गाड्याची पेटी करून ती कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवण्याची होती.

हे का अवघड होतं ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू. एका चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि प्रत्येक आकडा १० बिटांचा. गुणाकार केला की एका चौकटीचे पावणेआठ मेगाबाइट होतात. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण १८७ मेगाबाइट. साधी डीव्हीडी २५ सेकंदांत भरेल. एका तासाचे पावणेसातशे गिगाबाइट. आणि हा ओघ थांबवता येत नाही. संगणकावर फाइल उतरवताना मध्येच दोन सेकंद अडकलं तर आपण चहाचा घोट घेतो. इथे दोन सेकंद अडकलं तर ४८ चौकटी गेल्या, आणि त्या नटाच्या चेहऱ्यावर ते भाव पुन्हा येतीलच असं नाही.

आधी ओघ तारेतून यायला हवा. टीव्ही स्टुडिओंत रुळलेली एचडी-एसडीआय तार सेकंदाला १.४८५ गिगाबिट वाहून नेते. तिची रचना रंगाची माहिती निम्मी करूनच पाठवण्याच्या हिशेबाने केलेली. पूर्ण तीन रंग तिच्यात मावत नाहीत. म्हणून ते दोन तारांत वाटून पाठवायचे आणि रेकॉर्डरने पुन्हा जुळवायचे, अशी सोय निघाली. पुढे दुप्पट वेगाची ३जी तार आली आणि एका तारेवर भागू लागलं. चित्राबरोबर त्याच तारेतून टाइमकोड, म्हणजे प्रत्येक चौकटीची वेळेची खूण, हाही येतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की ‘सुरू कर’ ही खूणही त्यातूनच येते आणि पेटी आपोआप नोंदायला लागते. त्यामुळे कॅमेरामनला दोन बटणं सांभाळावी लागत नाहीत.

आता पेटीच्या आत. पहिला प्रश्न वेगाचा. त्या काळातल्या लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या फिरत्या डिस्कला एकटीला हा ओघ पेलवत नसे. मोठ्या पंगतीला एक वाढपी पुरत नाही, तेव्हा चौघांना चार बाजूंनी सोडतात, तसं इथे करतात. प्रत्येक चौकटीचे तुकडे करून ते एकाच वेळी अनेक डिस्कवर लिहायचे. काही पेट्यांत एक वाढपी हिशेबनीस म्हणून ठेवलेला असतो. बाकीच्यांवर काय लिहिलं गेलं याची बेरीज तो राखतो आणि एखादी डिस्क मेली तर त्या बेरजेतून हरवलेला तुकडा परत काढता येतो.

फिरत्या डिस्कना धक्का सोसत नाही. क्रेनवर किंवा धावत्या गाडीत त्यांचा भरवसा नसतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसणारी पेटी खऱ्या अर्थाने शक्य झाली ती फ्लॅश मेमरीमुळे, आपण एसएसडी म्हणतो तिच्यामुळे. पण एसएसडीलाही एक खोड आहे. लिहिलेल्या जागेवर तिला थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा ठोकळा पुसायचा, मग लिहायचं. ही झाडलोट ती स्वतःच्या सोयीने, मध्येच करते आणि तेवढा वेळ लिहिणं मंदावतं. खोक्यावर छापलेला वेग सरासरीचा किंवा सर्वोत्तम क्षणाचा असतो. रेकॉर्डरला गरज असते ती सर्वांत वाईट क्षणीच्या वेगाची. पेटीबरोबर ‘याच डिस्क वापरा’ अशी यादी येते, तिच्याकडे विक्रीची युक्ती म्हणून पाहू नये.

या मंदावण्यावर तोड म्हणजे मधली बादली. नळ बंद करता येत नाही आणि मोरी अधूनमधून तुंबते, तर मध्ये बादली ठेवायची. पेटीतली रॅम हीच ती बादली. एसएसडी अर्धा सेकंद झाडलोटीत गुंतली तर १२ चौकटी, म्हणजे ९३ मेगाबाइट, बादलीत थांबतात. मोरी मोकळी झाली की वाहत्या ओघाबरोबर त्याही जातात. बादली भरून वाहू लागली तर चौकट गळते. चांगली पेटी तेव्हा ठळक लाल इशारा देते. वाईट पेटी गप्प बसते, आणि संकलकाच्या टेबलावर महिन्याने एक झटका दिसतो.

हे सगळं ज्या चिपवर चालतं तिला एफपीजीए म्हणतात. ती गरम होते, पंखा लागतो, आणि शांत प्रसंगात ध्वनिमुद्रकाच्या कपाळाला आठी पडते. सेटवर या पेटीवरून जितकी कुरबूर चित्रासाठी झाली असेल तितकीच पंख्यासाठीही झाली असेल.

२०१० साली ॲरीचा अलेक्सा आला आणि गणित थोडं बदललं. अलेक्साच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो. बिंदूंवर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची चौकडी पसरलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायरची ही मांडणी. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे असतात. मग तो अंदाज आधी भरून तिप्पट ओझं कशाला वाहायचं? कच्चे आकडेच साठवावेत, रंग नंतर सावकाश भरावेत. यालाच ‘रॉ’ म्हणतात. ॲरीरॉमध्ये २८८० गुणिले १६२० बिंदू, प्रत्येकी एकच आकडा, १२ बिटांचा. चौकट सात मेगाबाइटची, सेकंदाला सुमारे १६८. बिंदू दुपटीहून जास्त, तरी ओझं कमी. हे कच्चे आकडे नेहमीच्या एचडी-एसडीआय तारांतूनच, टीव्हीच्या संकेताचा वेश चढवून बाहेर पाठवले जात आणि पेटी तो वेश उतरवून घेई. लंडनच्या कोडेक्स कंपनीच्या पेट्या यात पुढे होत्या. रॉजर डीकिन्सने छायाचित्रित केलेला २०१२ चा ‘स्कायफॉल’ असा ॲरीरॉमध्ये, कोडेक्सवर नोंदला गेला. त्याच सुमारास कन्व्हर्जंट डिझाइनची ‘जेमिनी’ आणि ब्लॅकमॅजिकची ‘हायपरडेक शटल’ आली. शटल तर छोट्या निर्मात्यालाही परवडणारी होती, साधी एसएसडी घालून दहा बिटांचं न दाबलेलं चित्र नोंदणारी.

मात्र पेटी पाठीवर फार काळ टिकली नाही. २०१३ च्या अलेक्सा एक्सटीमध्ये कोडेक्सचा रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या पोटातच गेला. छोट्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत बाहेरची पेटी राहिली, पण तिथे कारण तंत्राचं कमी आणि कागदाचं जास्त होतं. कॅमेऱ्याच्या आत रॉ चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीचं पेटंट रेड कंपनीकडे होतं. ॲपलने २०१९ साली त्या पेटंटला आव्हान दिलं, पण ते आव्हान टिकलं नाही. उदाहरणार्थ, निकॉनच्या झेड६ कॅमेऱ्यातून कच्चं चित्र एचडीएमआय तारेने बाहेर, ॲटोमॉस कंपनीच्या पेटीत जात होतं. पुढे २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनीच विकत घेतली.

‘अनकम्प्रेस्ड’, म्हणजे न दाबलेलं, या शब्दाभोवती एक सोवळेपणा आहे. तो मला पूर्ण पटत नाही. दाबणं दोन प्रकारचं असतं. एकात माहिती कायमची जाते. दुसऱ्यात एक बिटही जात नाही. किराणा दुकानदार खालोखाल तीच नोंद आली की ‘सदर’ लिहितो, तसं हे आहे. जागा वाचते, हिशेब तोच राहतो. कोडेक्सच्या एचडीई पद्धतीने ॲरीरॉ असं दाबलं की सुमारे ४० टक्के जागा वाचते आणि उलगडलं की मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. हिरव्या पडद्यापुढच्या दृश्यात, जिथे केसांच्या कडा एकेका बिंदूवर कापायच्या असतात, तिथे माहिती गाळणारं दाबणं महागात पडतं हे खरं. पण मुंबईच्या गल्ल्यांत झालेला ‘स्लमडॉग मिलिअनेर’ आठवा. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटलने एसआय-२के कॅमेऱ्याचं छोटं डोकं हातात धरलं होतं आणि रेकॉर्डर म्हणजे पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉप. त्यात साठत होतं ते सिनेफॉर्म पद्धतीने दाबलेलं रॉ. छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला मिळालं.

न दाबलेल्या चित्राची खरी किंमत कॅमेऱ्यापाशी मोजली जात नाही. ती मोजली जाते संध्याकाळी, कॉपी करणाऱ्या मुलाच्या टेबलावर. तासाभराचे पावणेसातशे गिगाबाइट सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने उतरवायला जवळपास तासच लागतो. मग प्रत ताडून पाहायची. मूळ फाइलच्या सगळ्या आकड्यांतून एक छोटी अंकखूण काढतात, तिला चेकसम म्हणतात. प्रतीचीही तशीच काढायची. दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच प्रत खरी. एका प्रतीवर कुणी थांबत नाही. दोन तरी वेगळ्या डिस्कवर आणि एक एलटीओ टेपवर, जी दुसऱ्या इमारतीत जाते. हे होईपर्यंत पेटीतून काढलेली ती एसएसडी हीच तुमची एकमेव निगेटिव्ह असते. सेटवरून कुणी कितीही घाईने रिकामी डिस्क मागू दे, अंकखुणा जुळल्याशिवाय ती फॉरमॅट करू नका.