कमरेतली बॅटरी

माझ्या उजव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला, कातडीखाली एक चपटी बॅटरी आहे, साधारण काडेपेटीएवढी. तिच्यातून निघालेल्या दोन बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीतून पाठीच्या मध्यापर्यंत चढवल्या आहेत. डॉक्टर त्याला ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ म्हणतात, घरात आम्ही नुसतं ‘मशीन’ म्हणतो.

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये पानगळीत घराच्या पन्हळी पानांनी तुंबतात. त्या साफ करायला शिडीवर चढलो आणि पडलो. कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली. ऑपरेशन झालं, स्कॅन स्वच्छ आला, पण डाव्या पायाची जळजळ आणि मधूनच अंगठ्यापर्यंत जाणारी सणक काही गेली नाही. दुखावलेली नस दाब निघाल्यावरही मेंदूला वेदनेचे संदेश धाडत राहू शकते. गोळ्यांनी मला फक्त गुंगी यायची.

विजेने वेदना शमवण्याची कल्पना जुनीच. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या रोग्याला पायाखाली जिवंत विद्युत मासा ठेवायला सांगे. आजच्या यंत्राचा पाया मात्र १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या सिद्धान्तात आहे. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू चाळवले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते. ठेच लागल्यावर आपण पाय चोळतो, त्याने बरं वाटतं ते यामुळेच. १९६७ साली नॉर्मन शीली यांनी अमेरिकेत कॅन्सरच्या एका रुग्णाला असं पहिलं यंत्र बसवलं.

यंत्र बसवण्याआधी मला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, “अरे, दुखतं कमरेत आणि डोकं कशाला तपासतात?” नैराश्य किंवा अवास्तव अपेक्षा असतील तर उपचाराचा उपयोग कमी होतो, म्हणून. इन्शुरन्सवाल्यांनाही तो अहवाल लागतो. त्यांनी तरीही पहिला अर्ज फेटाळलाच, तो भाग वेगळा.

मग आली चाचणी, आणि सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात शहाणपणाची वाटली ती हीच पायरी. सुईवाटे तारा आत सरकवतात, बॅटरी बाहेर कमरेला चिकटवतात आणि आठवडाभर घरी सोडतात. आंघोळ बंद, नुसतं अंग पुसायचं. दुखणं निदान निम्म्याने कमी झालं तरच कायमचं यंत्र. त्या आठवड्यात बायकोबरोबर डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर फिरायला गेलो, तर एकदाही बसायला बाक शोधावा लागला नाही. निर्णय तिथेच झाला.

कायमचं यंत्र बसल्यावर पहिले काही आठवडे वाकणं, वळणं, वजन उचलणं बंद. तारा जागेवर रुजायच्या आत सरकल्या तर सगळं मुसळ केरात. इथला दुधाचा गॅलनचा कॅन जवळजवळ चार किलोचा. तोसुद्धा बायकोच उचलायची. माझ्या यंत्राने पायात मुंग्या येतात. आडवं पडलं की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो आणि मुंग्या वाढतात, शिंक आली तर झटकाच. गाडी चालवताना ते बंद. सेकंदाला दहा हजार स्पंदनं देणाऱ्या, मुंग्या न आणणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. माझं तसलं नाही. चार्जिंगचा पट्टा कमरेला बांधून मी सोफ्यावर मराठी मालिका बघतो. मालिकेला तेवढंच निमित्त.

अ‍ॅशबर्न म्हणजे डेटा सेंटरांचं गाव आणि माझी नोकरीही तिथलीच. टेबलावर बसायला हरकत नाही, पण मोठ्या जनित्रांच्या आणि सबस्टेशनच्या कुंपणाआत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिकडची फेरी आता सहकारी मारतो. डलेस विमानतळावर कार्ड दाखवून हाताने झडती घ्यायला सांगतो, कारण सुरक्षेच्या चौकटीमुळे यंत्र बंद पडू शकतं किंवा झटका देऊ शकतं.

माझं दुखणं दहापैकी आठावरून चारावर आलं. शून्यावर नाही. सगळ्यांना तेवढंही मिळत नाही. नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात एका प्रकारच्या स्टिम्युलेशनचा फायदा बंद ठेवलेल्या यंत्राहून वेगळा दिसला नाही. मला मिळालेला आराम त्याने खोटा ठरत नाही, पण विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मी सोडलं.

मुंबईतही असे उपचार होतात. तुमच्यावर वेळ आली तर चाचणीच्या आठवड्यात झोपून राहू नका. रोज जे करताना दुखतं तेच करून बघा. पुढे एमआरआय करता येईल ना, हे यंत्र निवडण्याआधी विचारा. आणि एकदा ते बसलं की फिजिओथेरपीच्या दवाखान्यात डायथर्मीचा शेक कधीही घेऊ नका. ती उष्णता तारांवाटे आत जाऊन मज्जारज्जू भाजू शकते.