लेहचे विमान सकाळीच का?

समजा, तळेगाव दाभाडे येथील एका कुटुंबाने मे महिन्याच्या सुटीत लडाखला जायचे ठरवले आहे. तळेगावहून लोकलने पुणे, पुण्याहून विमानाने दिल्ली आणि दिल्लीहून दुसऱ्या विमानाने लेह. घरातली नववीतली मुलगी वेळापत्रक घेऊन बसते आणि विचारते, "बाबा, लेहची बहुतेक विमाने सकाळचीच कशी? आणि तुम्ही परतीच्या वाटेवर एक दिवस रिकामा का ठेवलात?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर लेहच्या हवेत आहे. ते आपण पायरीपायरीने शोधू.

हवा किती विरळ?

पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. तळेगाव त्याहून थोडेसे वर. लेहचा कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ मात्र सुमारे ३,२५० मीटरवर, म्हणजे कळसूबाई शिखराच्या दुपटीएवढ्या उंचीवर आहे. समुद्रकाठी वायुदाबमापकातील पारा ७६० मिलिमीटरवर उभा राहतो. तो तळेगावात सुमारे ७०० आणि लेहमध्ये सुमारे ५१० मिलिमीटरवर राहील. म्हणजे तापमान सारखे असेल, तर आपल्याकडे जेथे हवेचे १०० रेणू आहेत, तेथे लेहमध्ये साधारण ७३ सापडतील.

विमानाची अडचण

विमानाला वर उचलून धरणारे बल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. घनता ७३ टक्क्यांवर आली, तर तेवढेच वजन उचलण्यासाठी वेग वाढवला पाहिजे. किती? समजा, एखादे विमान पुण्यात ताशी २४० किलोमीटर वेगाला जमीन सोडते. लेहमध्ये त्याच विमानाला सुमारे २८० किलोमीटरचा वेग गाठावा लागेल. आता २८० ला २४० ने भागून वर्ग करा. उत्तर येते १.३६. इंजिनाचा जोर तोच राहिला, तरी धावपट्टी १.३६ पट लागणार! शिवाय विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी होतो. हवेत वळण घेतानाही वेग जास्त म्हणून वळण मोठे, आणि दरी तर अरुंद.

मग उपाय काय? वजन कमी करणे. म्हणून अशा विमानतळावरून निघताना प्रवासी, सामान आणि इंधन यांचा हिशेब काटेकोरपणे करतात.

सूर्य वर आला की

आता त्यात उष्णतेची भर पडते. पहाटे तापमान १० अंश सेल्सिअस असेल आणि दुपारी २५. निरपेक्ष मापात हे २८३ आणि २९८ होतात. दाब तोच राहिला, तर हवेची घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे दुपारी ती आणखी सुमारे ५ टक्क्यांनी घटते. हिशेब आधीच तंग असताना हे ५ टक्केही जड जातात. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये पारा ३० अंशांच्या पुढे गेला, तेव्हा उष्णतेमुळे काही विमाने रद्द करावी लागली होती.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाने डोंगरउतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर चढते आणि दुपारी दरीतून जोराचा वारा सुटतो. लेहच्या धावपट्टीच्या पूर्वेकडे जमीन चढत जाते. त्यामुळे विमाने पश्चिमेकडून येऊन उतरतात आणि उड्डाणही पश्चिमेकडेच करतात. उतरणाऱ्या विमानाला पाठीमागून वारा लागला, तर जमिनीवरचा त्याचा वेग वाढतो आणि थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय डोंगर ढगांनी झाकले, तर वैमानिक धोका न पत्करता दिल्लीला परत फिरतो.

याच दरीत २४ मे १९४८ रोजी हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी डाकोटा विमान प्रथम उतरवले. सोनम नोरबू या अभियंत्याच्या देखरेखीखाली घाईने तयार केलेली ती कच्ची धावपट्टी होती. लेह वाचवायचे होते आणि दुसरा जलद मार्ग नव्हता. आजही हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्या की विमान हाच लेहचा मोठा आधार असतो.

शरीराची अडचण

जी विरळ हवा पंखांना पुरत नाही, तीच आपल्या फुप्फुसांनाही पुरत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण लेहमध्येही सुमारे २१ टक्केच असते, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू घटतो. मोटारीने टप्प्याटप्प्याने चढणाऱ्याला शरीर जुळवून घ्यायला थोडा वेळ मिळतो. विमानाने जाणारा मात्र दिल्लीहून दीड तासाच्या आत तेथे पोहोचतो. मग काही तासांनी डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. धावपळ करू नये आणि लगेच अधिक उंच जागी जाऊ नये. त्रास वाढला, विशेषतः बसल्याजागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर तो लपवू नये. ताबडतोब डॉक्टर गाठावा आणि खाली उतरावे. अशा वेळी "सहल बुडेल" या विचाराने गप्प बसणे जिवावर बेतू शकते.

आता बाबांची आखणी पाहा. दिल्लीला आदल्या रात्री मुक्काम, सकाळचे विमान, लेहमध्ये दोन दिवस आराम, सामान मोजके आणि परतताना एक दिवस हाताशी. लेहचे विमान सुटले नाही, तरी दिल्लीहून पुण्याचे तिकीट वाया जाणार नाही. हा रिकामा दिवस आळसाचा नव्हे, हिशेबाचा आहे!

करून पाहा

लेहला गेलात, तर प्लॅस्टिकची रिकामी बाटली तेथे घट्ट बूच लावून बंद करा आणि तळेगावला आणा. ती चेपलेली दिसेल. किती चेपली असेल, याचा अंदाज बॉइलच्या नियमावरून आधीच वहीत मांडून ठेवा. मग बाटलीत किती पाणी मावते ते न चेपलेल्या बाटलीशी ताडून पाहा. हिशेब जुळला नाही, तर का जुळला नाही, याचा शोध घ्या. तापमान विसरला नाहीत ना?