संगणकातलं यकृत

गोळी पोटात गेली, की तिची झडती घेतं ते यकृत. पण गोळीच यकृतावर उलटली तर? मधुमेहावरचं ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत १९९७ साली आलं आणि यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्यानं २००० साली मागं घ्यावं लागलं.

त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विजय चंद्रू, रमेश हरिहरन, स्वामी मनोहर आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनी ‘स्ट्रँड’ कंपनी काढली. तिथं पुढं चक्क संगणकातलं यकृत तयार झालं! यकृताच्या पेशींमधल्या रासायनिक क्रिया गणितात मांडायच्या आणि नवं रसायन त्यांत कुठं बिघाड करील, हे माणसाला देण्याआधीच ताडायचं.

अर्थात हा अंदाजच; प्रत्यक्ष चाचण्या टळत नाहीत. पण घातक रसायन वेळीच बाजूला पडलं, तर कुणाचा तरी जीव वाचतो. हे काय थोडं झालं?