चार हात जागेत पथ्यशाक

चिकित्सेत पथ्याचे स्थान औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, हे वैद्यमंडळींना निराळे सांगावयास नको. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, शाकांमध्ये जीवन्ती ही श्रेष्ठ पथ्य म्हणून सांगितली आहे. सत्ताविसाव्या अध्यायातील शाकवर्गात वास्तुक, तण्डुलीयक, काकमाची यांचे गुण वर्णिले आहेत. आपण रुग्णास हीच नावे सांगतो. चाकवत आणि तांदुळजा मंडईत मिळतात तरी. जीवन्ती, म्हणजे डोडीचा पाला, मात्र बहुतेक रुग्णांनी पाहिलेलाही नसतो. शिवाय मिळालेली भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, तिच्यावर कसली फवारणी झाली, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पथ्य सांगावयाचे आणि ते मिळणे दैवावर सोडावयाचे, ही चिकित्सेतील उणीवच होय. ती काही अंशी परसबागेने भरून निघेल, असे आम्हांस वाटते.

परंतु परस उरले आहे कोठे? सोलापूरच्या पूर्व भागातील मागांच्या वस्त्या, गावठाणातील दाटीची घरे, कुंभारी येथील रे नगर (जेथील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी असंघटित कामगारांना सुपूर्द झाली) या सर्व ठिकाणी हाताशी असते ती गच्ची, सज्जा किंवा दारापुढील पट्टी. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, आणि उजनीचे पाणी रोज नळाला येईल याची अनेक वर्षे शाश्वती नाही. म्हणून येथे जागेबरोबर पाणी आणि सावली यांचाही हिशेब करावा लागतो.

या हिशेबात कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ यांचे कार्य मार्गदर्शक आहे. एका कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, व्हावा ही त्यांची मांडणी. जमिनीच्या क्षेत्रापेक्षा ऊन झेलणाऱ्या पानांचे क्षेत्र मोजावे, हा त्यातील मर्मभाग आम्हांस विशेष उपयुक्त वाटतो. जागा आडवी नसेल तर ती उभी वापरावी. शाकांत श्रेष्ठ ठरलेली जीवन्ती ही वेलच आहे. तिला हातभर माती आणि चढावयास दोरी पुरते.

मांडणी कशी करावी?

गच्चीवर १० फूट लांब व ४ फूट रुंद जागा आहे असे धरू. पश्चिमेच्या कडेला दीड फूट खोलीच्या तीन कुंड्यांत डोडी, पडवळ व कारले लावून दोरीचा ताटवा करावा. हा ताटवा दुपारनंतरचे ऊन अडवितो. त्याच्या आडोशास सहा ते आठ इंच खोल पसरट वाफ्यांत पालेभाज्या घ्याव्यात. वांगी व मिरची यांस फूटभर खोली लागते. मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. सगळे बी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी थोडे पेरावे, म्हणजे ताटात खंड पडत नाही. तांदुळजा मुळासकट न उपटता खुडावा. तो पुन्हा फुटतो.

वेलभाज्या मृगाच्या सुमारास, मेथी, चाकवत व शेपू परतीच्या पावसानंतर, आणि उन्हाळ्यात तांदुळजा व घोळ असा क्रम ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत वर हिरवी जाळी बांधणे इष्ट.

भार आणि पाणी

एक घनफूट ओल्या मातीचे वजन सुमारे ५० किलो भरते. वरील ४० चौरस फूट जागेत फूटभर माती भरली, तर छतावर दोन टन भार येईल. म्हणून निम्म्याहून अधिक भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत व उसाचे कुजविलेले पाचट असावे. आपल्या ऊसपट्ट्यात त्याची वाण नाही. जड कुंड्या भिंतीलगत, तुळईवर ठेवाव्यात. जुन्या माळवदावर वाफे करूच नयेत.

पाण्यासाठी कुंभाराकडील साधे, न रंगविलेले मडके कुंडीत गळ्यापर्यंत पुरून भरून झाकावे. ते झिरपत राहते आणि मुळांना गरजेपुरती ओल मिळते. वर वाळल्या पानांचे आच्छादन घालावे. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी वाया घालवू नये.

मर्यादाही ध्यानात असाव्यात

औषधनिर्मितीचा कच्चा माल गच्चीवर पिकत नाही. औषधालयाच्या मालकांनी तशी अपेक्षा ठेवू नये. कांदा, बटाटा, कोबी बाजारातून आणावेत. अल्प जागा त्यांस देणे परवडणारे नाही. जे ताजेच हवे आणि बाजारात दुर्मीळ, तेवढेच लावावे. भाजीचे पडवळ व औषधातील कडू पडवळ यांसारख्या जोड्यांत गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक कुंडीवर मराठी व संस्कृत नावाची पाटी असावी.

अशा पाच-सहा कुंड्या प्रत्येक दवाखान्याच्या व औषधालयाच्या दाराशी असाव्यात, अशी आमची विनंती आहे. रुग्णास शाक प्रत्यक्ष दाखवावे, आणि जाताना त्याच्या हाती डोडीचे एक रोप द्यावे. सांगितलेले पथ्य मग त्याच्या घरी उगवेल.