बोलके यंत्र आणि दुकानाची वही

कापडाच्या धंद्यात आम्हा व्यापाऱ्यांना दिवसभर शंभर गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. कोणाला किती तागे पाठवायचे, ट्रान्सपोर्टची बिल्टी कोठे ठेवली, जीएसटीचा रिटर्न कधी भरायचा. तोंडी सांगितले की अशा गोष्टी लक्षात ठेवणारी यंत्रे आता बाजारात आहेत. ॲमेझॉन कंपनीचे 'इको' अमेरिकेत २०१४ साली आणि भारतात २०१७ साली आले. त्यातील 'अलेक्सा'ला २०१९ पासून हिंदीही समजते.

हे यंत्र चालते कसे? 'अलेक्सा' हा शब्द कानी पडेपर्यंत ते नुसते वाट पाहत असते. हाक मारली की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. तेथे त्याचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते. म्हणजे आठवण आपल्या गल्ल्याजवळच्या डब्यात राहत नाही, ती कंपनीच्या घरी राहते. नेमकी हीच गोष्ट व्यापाऱ्याने समजून घेतली पाहिजे.

दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू ही अमानत असते. तिचे काय होऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग गरजेपेक्षा जास्त काळ ठेवली, पालकांनी सांगूनही सर्व माहिती पुसली नाही, असा आरोप तेथील सरकारने ॲमेझॉनवर केला. २०२३ साली कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

म्हणून हे यंत्र घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. तारखांची आठवण, सामानाची यादी, किल्ली ठेवल्याची जागा यासाठी ते कामाचे आहे. नजर मंदावलेल्या वडीलधाऱ्यांना तर औषधाच्या वेळेसाठी मोठा आधार आहे. मात्र खरेदीचा भाव, गिऱ्हाइकाची उधारी आणि बँकेचा पिन त्याला सांगू नये. दुकानात दहा माणसे उभी असतात. सांगणारा एक आणि विचारणारा दुसरा असू शकतो.

सौद्याची बोलणी चालू असताना यंत्रावरील माइक बंद करण्याचे बटण दाबावे. मोबाईलमधील ॲपवर जुनी रेकॉर्डिंग पाहता व पुसता येतात. महिन्यातून एकदा ती पुसावीत. आठवण यंत्राने द्यावी, हिशेब मात्र वहीतच राहावा. तंटा उभा राहिला तर सही आणि तारीख असलेला कागदच आपल्या बाजूने बोलतो.