एकाच रानात अनेक तोंडं
लेखमाला : सजीवांची अवजारं – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पंजे आणि नख्या पाहिल्या. आज तोंडाकडे वळू. शिरूर आणि दौंड तालुक्यांत माळरान आहे, कांदा आहे, ऊस आहे आणि भीमेचं पाणी आहे. या साऱ्यावर कितीतरी जीव पोसले जातात. कुणाच्या वाट्याला काय येणार, हे ज्याच्या त्याच्या जिभेच्या, ओठांच्या आणि जबड्याच्या घडणीवर ठरतं.

माळापासूनच सुरुवात करू. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे टणक गादी असते. ती लांब, खरखरीत जिभेने गवताचा पुंजका वेढते, तोंडात ओढते आणि खालचे दात व वरची गादी यांत धरून मानेच्या झटक्यासरशी तोडते. गवत खुरटं असेल तर जिभेला वेढा घालता येत नाही. मेंढीलाही वरचे पुढचे दात नाहीत, पण तिचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो. त्यामुळे तिचं तोंड थेट जमिनीला भिडतं आणि गाईने सोडलेलं गवतही ती कुरतडते. शेळीचे ओठ त्याहून चपळ. बाभळीचे काटे चुकवून ती नेमका पाला टिपते. म्हणूनच तिन्ही जनावरं एका माळावर चरू शकतात. मात्र मेंढरं एकाच जागी फार दिवस राहिली, तर गवत बुडख्यापर्यंत खाल्लं जातं आणि पुन्हा फुटायला त्याला उसंत मिळत नाही. धनगर वाडा हलवत राहतात, त्यात माळाचंही हित आहे.

आता कांद्याच्या वाफ्यात डोकावू. पातीवर पांढुरके चट्टे दिसले की शेतकरी फुलकिडे ओळखतो. या किड्याचा फक्त डावा जबडा वाढलेला असतो. त्याने तो पातीचा पापुद्रा फोडतो आणि आतला रस शोषतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून चट्टा पांढरा दिसतो. पातीच्या बेचक्यात दडून बसल्याने वरवरची फवारणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उसावरच्या लोकरी माव्याची तऱ्हा वेगळी. 2002 साली महाराष्ट्रातल्या उसावर त्याने मोठं संकट आणलं. पानाच्या खालच्या बाजूला बसून तो बारीक सोंड आत खुपसतो आणि रस ओढत राहतो. जास्तीचा गोड रस शरीरातून बाहेर टाकतो. तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पान कुरतडणारी अळी पानावर पडलेलं विष पानासोबत गिळते. सोंडेने आतला रस ओढणाऱ्या माव्याच्या पोटात ते तसं जात नाही. त्यासाठी विष एकतर अंगावर पडावं लागतं, नाहीतर झाडाच्या रसात उतरावं लागतं. पण सरसकट फवारणीत आपले मित्रही मरतात. डिफा नावाची अळी मावा चावून खाते, तर मायक्रोमसची अळी पोकळ, वाकड्या जबड्यांनी त्याला टोचून शोषून घेते. महाराष्ट्रात हा मावा आटोक्यात आणण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी कीड चावणारी आहे की शोषणारी, आणि तिच्याशेजारी मित्रकीटक आहेत का, एवढं पाहायलाच हवं.

शेवटी पाण्याकडे. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी दौंडच्या पूर्वेकडील गावांपर्यंत पसरलं. शेजारच्या भिगवणला रोहित पक्षी येतात, ते तिथल्या उथळ चिखलासाठी. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो. त्याची जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी सेकंदाला चार-पाच वेळा मागेपुढे होते. पाणी आत येतं, चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी पट्ट्यांतून गाळलं जातं आणि छोटे जीव आत अडकतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की रोहित पायांच्या आणि चोचीच्या हालचालींनी पाण्यात भोवरे निर्माण करतो आणि भक्ष्य त्यांत ओढलं जातं. त्याच पाण्यात चित्रबलाक अर्धवट उघडी चोच बुडवून चालतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा स्पर्श कामाला येतो, हे दोघांनाही साधलं आहे.

इतकं नेमकं तोंड घडायला लाखो वर्षं लागतात आणि ते एका पिढीत बदलत नाही. चिखल बिघडला म्हणून रोहित माळावर चरायला जाऊ शकत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि पुढे उजनीत साठतं. ते शुद्ध करूनच नदीत सोडलं पाहिजे, ही मागणी काठावरच्या माणसांइतकीच या पाहुण्यांच्याही वतीने आपण लावून धरायला हवी.

पुढच्या आठवड्यात : गिळलेलं पचवायचं कसं? रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चार कप्प्यांच्या पोटाविषयी.